वाचकांचे प्रश्न : वाइन निवळायची कशी?

गेल्या अंकात वाइनच्या साक्याबद्दल मी अर्धं पान लिहिलं होतं. त्यात ‘फाइनिंग’ हा शब्द आला आणि या महिन्यातली बहुतेक पत्रं त्याच्यावरच आली. म्हणून हा अंक त्या एकाच विषयाला.

मागचा अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तयार वाइनमध्ये तरंगणारं काहीतरी असतं, किंवा आज दिसत नाही पण पुढे त्रास देईल असं काहीतरी असतं. त्याला धरून तळाशी नेणारा पदार्थ वाइनमध्ये घालायचा, तो बसू द्यायचा, आणि वरची निवळ वाइन दुसऱ्या टाकीत काढून घ्यायची. याला फाइनिंग म्हणतात. घातलेला पदार्थ चवीसाठी नसतो. तो आपलं काम करून गाळाबरोबर जातो.

हे काम मला वायनरीत शिरण्याआधीपासून ठाऊक होतं. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ यायचं, तेव्हा आई माठाच्या आतल्या अंगाला निवळीची बी घासायची, नाहीतर तुरटीचा खडा दोनदा फिरवायची. वडील गुळव्या होते. काहिलीत रस तापू लागला की ते भेंडीचं पाणी सोडायचे आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहायचे. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या एका वायनरीत मी १९ वर्षं सेलर, म्हणजे वाइनच्या टाक्या-पिंपांचं कोठार, सांभाळला. काहिलीत मळी वर येते, टाकीत साका खाली बसतो. बाकी धर्म एकच.

प्रश्न : ताई, मार्चमध्ये घेतलेली शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनची बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली होती. आणली तेव्हा काचेसारखी स्वच्छ होती. मेअखेरीस बघते तर आत धुकं धरल्यासारखं झालंय. अजून उघडलेली नाही. फेकून द्यावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : फेकू नका. आधी थंड करून उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा झणका आला, किंवा ओतताना सोड्यासारखे बुडबुडे आले, तर आत जंतूंनी किंवा यीस्टने पुन्हा काम सुरू केलंय; ती बाटली सोडून द्या. वास नेहमीसारखा फळांचा असेल तर हा प्रथिनांचा ढग आहे. प्यायला काही अपाय नाही. दिसायला मात्र मन खट्टू होतं, हे मी समजू शकते.

द्राक्षाचा वेल बुरशीशी लढायला काही प्रथिनं तयार करतो. ती मण्यात साठतात, रसात उतरतात, आंबवण्यातूनही टिकून राहतात आणि वाइनमध्ये विरघळलेली असतात, म्हणून डोळ्याला दिसत नाहीत. उष्णता लागली की त्यांची घडी उलगडते, ती एकमेकांना चिकटतात आणि धुकं दिसायला लागतं. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडला की पारदर्शक असलेला पांढरा होतो ना, तोच प्रकार, फक्त फार सावकाश. नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटाने ते काम केलं. रेड वाइनमध्ये हे सहसा होत नाही, कारण तिच्यातलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक, ही प्रथिनं आधीच धरून खाली नेतं.

खरं तर हे बाटली भरण्याआधी वायनरीत थांबायला हवं होतं. ही चूक माझ्या हातूनही झालेली आहे. कामाच्या चौथ्या वर्षी सोविन्यों ब्लाँच्या एका टाकीची उष्णता चाचणी मी केली. नमुना ८० अंश सेल्सियसवर दोन तास ठेवला, गार केला, स्वच्छ राहिला. वहीत ‘ठीक’ लिहिलं. दोन दिवसांनी त्याच टाकीत दुसऱ्या टाकीतली ६०० लिटर वाइन मिसळायची ठरली. तीही वेगळी तपासली होती, तीही ठीक होती. मिश्रण मात्र मी पुन्हा तपासलं नाही, कारण गाडी उभी होती. दोन स्थिर वाइन एकत्र केल्या की मिश्रणही स्थिरच असेल असं नसतं. आम्लता बदलते, हिशेब बदलतो. ती वाइन मे महिन्यात जळगावच्या एका गोदामात पडून राहिली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात खोक्यांमागून खोकी परत आली. एक बाटली मी खिडकीतल्या उजेडात धरली तेव्हा आत अगदी तुमच्या बाटलीसारखं धुकं होतं. तेव्हापासून मिश्रणानंतरच्या चाचणीशिवाय मी एकही टाकी बाटलीकडे जाऊ दिली नाही.

यावर उपाय बेंटोनाइट. ही माती आहे, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली. अमेरिकेत वायोमिंगमधल्या बेंटन नावाच्या खडकथरावरून तिला नाव मिळालं. आपल्याकडे कच्छमध्ये तिचे मोठे साठे आहेत. तिच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, वाइनच्या आम्लतेत प्रथिनांवर धन भार असतो; दोघं एकमेकांना धरतात आणि जड होऊन बसतात. वाइनसाठी मात्र खाद्य दर्जाची, त्याच कामासाठी तयार केलेलीच वापरायची. विहिरी खणणाऱ्यांकडची किंवा बांधकामाची नाही.

प्रश्न : मॅडम, मी वाइन तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करतोय. पुस्तकात बेंटोनाइटचं प्रमाण ‘०.२ ते १ ग्रॅम प्रतिलिटर’ दिलंय. एवढ्या मोठ्या फरकात नेमकं किती घालायचं हे कसं ठरवायचं? इंटर्नशिपच्या ठिकाणी दर वर्षी सरळ ०.८ घालतात. (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. दर वर्षी एकच आकडा घालणं म्हणजे पेशंटला न बघता औषध देणं. यंदाची द्राक्षं, यंदाची आम्लता, यंदाची प्रथिनं वेगळी. आकडा पुस्तकात नसतो, ग्लासात असतो.

हे करून बघ. आदल्या दिवशी ५ टक्क्यांचं मिश्रण तयार कर, म्हणजे ५० ग्रॅम बेंटोनाइट आणि एक लिटर होईल इतकं पाणी. पाणी गरम, साधारण ६० अंश. पाणी आधी घ्यायचं आणि ढवळत ढवळत भुकटी वरून भुरभुरवायची. उलटं केलंस, भुकटीवर पाणी ओतलंस, तर गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या, आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. पिठलं करताना बेसनाचं होतं तसंच. रात्रभर ठेव. सकाळी ते फुगून दाट, बुळबुळीत झालेलं असेल, बोटांत घेतलं तर सायीसारखं सरकतं, आणि त्याला ओल्या कुंभारमातीचा वास येतो. अजून दाणे हाताला लागत असतील तर आणखी थांब.

आता पाच बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर वाइन घे. पहिलीत काही घालू नकोस. बाकीच्यांत अर्धा, एक, दीड आणि दोन मिलिलिटर मिश्रण घाल. म्हणजे लिटरमागे पाव, अर्धा, पाऊण आणि एक ग्रॅम झालं. प्रत्येक बाटली हलव, बसू दे, वरची वाइन काढून गाळ, आणि मग त्या पाचही नमुन्यांची उष्णता चाचणी घे. टर्बिडिटी मीटर, म्हणजे गढूळपणा मोजणारं यंत्र, असेल तर तापवण्याआधीचा आणि गार झाल्यानंतरचा आकडा घे. फरक २ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत असेल तर वाइन स्थिर मानतात. मीटर नसेल तर अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत आडवा टाक. धुकं असेल तर झोताची वाट पांढरी दिसते. जो सगळ्यात कमी डोस स्वच्छ राहतो तो तुझा आकडा.

आणि मग चाखून बघ. ही पायरी लोक गाळतात आणि मला त्याचाच राग येतो. पाचही ग्लास ओळीने मांड, आधी वास घे. एक ग्रॅमवाल्या ग्लासात पेरूचा, ओल्या गवताचा वास कोऱ्या ग्लासापेक्षा कमी झालेला तुला स्वतःला कळेल. बेंटोनाइट प्रथिनं नेतं तेव्हा थोडा सुगंध आणि थोडा भरदारपणाही नेतं. जिथे अर्ध्या ग्रॅमने भागतं तिथे ०.८ घालणं म्हणजे शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेला वास गाळात फेकणं.

टाकीचा हिशेब मग सोपा. ५००० लिटरला अर्ध्या ग्रॅमने अडीच किलो माती, ५ टक्क्यांच्या मिश्रणासाठी ५० लिटर पाणी. एवढं पाणी वाइनमध्ये जातं हेही ध्यानात ठेव. पातळ मिश्रण करशील तर आणखी जाईल. पंपाने वाइन फिरती ठेव आणि मिश्रण बारीक धारेने सोड. वरून बादली उपडी केलीस तर माती आपली आपण बसते आणि निम्म्या वाइनला स्पर्शही होत नाही. आठवडा-दहा दिवसांत साका बसतो, पण बेंटोनाइटचा साका सैल असतो, त्यात ३ ते १० टक्के वाइन अडकते. मालकाला कमी डोसचं महत्त्व पटवायचं असेल तर हा आकडा सांग. सुगंधापेक्षा लवकर पटतो.

आणखी एक. बेंटोनाइट प्रथिनांवर चालतं, सगळ्यावर नाही. व्हाइट वाइन तपकिरी पडत असेल तर दुधातलं केसीन किंवा पीव्हीपीपी ही कृत्रिम भुकटी. रेड घशाला ओढत असेल तर जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा. वास बिघडला असेल तर काही वेळा कोळसा, पण कोळसा चांगला-वाईट असा भेद करत नाही, सगळंच नेतो. त्याला मी अगदी शेवटी हात लावते. आधी दुखणं ओळख. पदार्थ नंतर.

प्रश्न : आमचं माळकरी घर. मी स्वतः घेत नाही, पण मुलगा जर्मनीत असतो, तो घेतो. त्याच्याशी बोलताना कळलं की वाइनमध्ये अंडं, दूध, माशाचा काहीतरी भाग घालतात. हे खरं आहे का? आणि तसं असेल तर बाटलीवर खूण का नसते? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : काका, खरं आहे. सगळ्या वाइनमध्ये नाही, पण पुष्कळ वाइनमध्ये शेकडो वर्षं घालत आले आहेत. दुधातलं केसीन, अंड्याचा पांढरा, जनावराच्या कातडी-हाडांचं जिलेटिन, आणि आयसिंगग्लास. हे शेवटचं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या अशा पिशवीला बोत म्हणतात आणि तिला मोठा भाव मिळतो. एके काळी बैलाचं रक्तसुद्धा वापरायचे. मॅड काऊ रोगानंतर युरोपात त्यावर बंदी आली.

हे सगळे पदार्थ वाइन निवळल्यावर साक्याबरोबर बाहेर जातात. बाटलीत उरलं तरी लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशाएवढंच उरतं. पण ‘उरत नाही, मग काय हरकत’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ज्याचा नेम आहे त्याला किती उरलं यापेक्षा काय घातलं हे महत्त्वाचं असतं, आणि ते त्याला कळायला हवं. माझ्या आजीनेही माळ घातली होती. तिला कुणी असं उत्तर दिलेलं मला चाललं नसतं.

आपल्याकडे खाद्यपदार्थांवर हिरवी किंवा तपकिरी खूण असते, पण त्या नियमातून मद्य वगळलेलं आहे, म्हणून बाटलीवर ती दिसत नाही. युरोपात २०१२ पासून दूध आणि अंड्याचे अंश ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडले तर लेबलवर लिहावं लागतं. तेही ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. माशाच्या आयसिंगग्लासला मात्र त्यातून सूट आहे. त्यामुळे लेबलवर काही नाही याचा अर्थ काही घातलं नाही असा होत नाही.

मुलाला सांगा, बाटलीवर ‘वीगन’, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीही न वापरलेलं, असं लिहिलंय का बघ. तिकडे ते आता सर्रास मिळतं. इथल्या वायनरीत गेलात तर सरळ विचारा, “या टाकीला फाइनिंग कशाने केलं?” बहुतेक व्हाइट वाइनसाठी उत्तर बेंटोनाइट येईल, म्हणजे माती. रेडसाठी वाटाण्याच्या किंवा बटाट्याच्या प्रथिनापासून केलेले पदार्थ आता मिळतात. मी शेवटची पाच वर्षं वाटाण्याचंच वापरलं. पहिल्या वर्षी प्रमाण जुळायला वेळ लागला, पण काम चोख होतं. ज्या सेलरमध्ये या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तिथे वही नीट ठेवलेली नाही असं समजा.

प्रश्न : आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो. इथे घरी वाइन करायला परवानगी आहे म्हणून किट आणून केली. किटमधल्या दोन्ही पुड्या घातल्या, चार दिवसांत निवळली नाही, म्हणून दुकानातून जिलेटिन आणून तेही घातलं. आता आधीपेक्षा जास्त गढूळ दिसतेय. काय चुकलं? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : घाई झाली. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत स्वतःपुरती वाइन करता येते, विकता येत नाही. तेव्हा तुमचं मुळात काही चुकलेलं नाही.

त्या दोन पुड्यांपैकी एक कीझलसोल, म्हणजे पाण्यातली सिलिका, तिचा भार ऋण. दुसरी कायटोसान, तिचा भार धन. आधी एक, मग दुसरी, आणि त्या एकमेकींना व मधल्या कणांना धरून बसतात. पण वाइनमध्ये आंबवण्याचा वायू शिल्लक असेल तर त्याचे बारीक बुडबुडे कणांना वर उचलत राहतात. एक बाटली वाइनने अर्धी भरा, तोंडावर अंगठा दाबून जोरात हलवा आणि अंगठा काढा. फस्सकन आवाज आला तर वायू आहे. दिवसातून दोन-तीनदा, सलग दोन-तीन दिवस नीट ढवळून तो काढा. बहुधा मूळ कारण हेच होतं.

वर जिलेटिन घातलंत. जिलेटिन टॅनिनला धरतं. तुमची वाइन व्हाइट असेल तर तिच्यात टॅनिन नगण्य. मग जिलेटिन कुणाला धरणार? ते तसंच तरंगत राहतं आणि स्वतःच गढूळपणा होतं. याला आम्ही जास्तीचं फाइनिंग म्हणतो. उतारा म्हणजे उलट भाराचा पदार्थ, इथे कीझलसोल किंवा थोडं बेंटोनाइट. पण आता सगळ्या वाइनवर प्रयोग नको. चार ग्लास घ्या, थेंबाथेंबाने वेगवेगळं प्रमाण घाला, रात्रभर थंड जागी ठेवा, आणि सकाळी जो ग्लास सगळ्यात कमी घालून निवळला असेल त्याप्रमाणे करा. वायू आधी काढा, नाहीतर हेही वाया जाईल.

किटमधलं कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेलं असतं. पाहुण्यांत कुणाला त्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

प्रश्न : बाटलीच्या बुचाला आणि तळाला साखरेसारखे खडे दिसले. काच आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काच नाही. टार्टारिक आम्लाचा क्षार आहे, थंडीत स्फटिक होऊन बसतो. दाताखाली कुरकुरतो, चव आंबट लागते, काच तशी लागत नाही. हा फाइनिंगचा विषयच नाही. वायनरीत वाइन शून्याच्या खाली थंड करून ठेवली की तो टाकीतच बसतो. बाटली सावकाश ओता, शेवटचा घोट सोडा.

प्रश्न : आमच्याकडे नाताळला आजीच्या पद्धतीने द्राक्षांची वाइन करायची प्रथा होती. ती कायम गढूळ व्हायची. तुरटी फिरवली तर चालेल का? (एक वाचक, वसई)

उत्तर : तुरटी नको. पाण्यात ती चालते, वाइनच्या आम्लात तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळून राहतं. आणि स्पष्ट सांगते, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कृती मी देणार नाही. प्रथेबद्दल मला आदर आहे, तरीही.

द्राक्षाचा रस मात्र सुंदर निवळता येतो आणि नाताळच्या टेबलावर शोभतो. मणी चुरगाळून मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवा, उकळी नको. फडक्यातून टांगून गाळा, पिळू नका. पिळलं की पेक्टिन आणि गर उतरतो आणि तोच पुढे ढग होतो. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये दोन रात्री हलवू नका. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या. तळाला गाळ आणि ठाण्याच्या वाचकाने विचारलेत तेच खडे दिसतील.

प्रश्न : मी पलूसचा द्राक्ष बागायतदार. वायनरीला काबर्ने देतो. रेड वाइनमध्ये खरोखर अंडी फोडून घालतात असं एकाने सांगितलं, विश्वास बसला नाही. (एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : दादा, विश्वास ठेवा, मी स्वतः फोडली आहेत. फ्रान्सच्या बोर्दो भागातली ही जुनी रीत. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपाला तीन ते सहा अंड्यांचा पांढरा भाग.

सकाळी लवकर, सेलर गार असताना करायचं. अंडी ताजी हवीत. पांढरं आणि पिवळं वेगळं करायचं, आणि पिवळ्याचा थेंबही पांढऱ्यात जाऊ द्यायचा नाही. त्यात चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी घालून सावकाश हलवायचं. मिठामुळे त्यातली न विरघळणारी प्रथिनंही विरघळतात. फेस येता कामा नये. फेस आला तर तो वाइनवर तरंगत राहतो आणि काम करत नाही. नवीन पोरं हमखास केकसारखं फेटायला जातात. मी त्यांच्या हातातून पळी काढून घ्यायचे. मग पिंपातून थोडी वाइन काढून त्यात मिसळायचं, ते पिंपात ओतायचं, आणि लांब दांड्याने वाइनला हळूच गोल फिरवायचं. दहा-पंधरा दिवसांनी वरची वाइन दुसऱ्या पिंपात.

अंड्यातलं अल्ब्युमिन सगळ्यात खरखरीत टॅनिन धरतं आणि बाकीचं बरंचसं सोडून देतं. जिलेटिन जास्त आडदांड आहे. एकदा शिराझच्या टाकीला जिलेटिन चाचणीत ठरलं त्याच्या दुप्पट पडलं, वजनाचा आकडा वाचण्यात चूक झाली. वाइन नितळ झाली, पण तोंडात काही उरलंच नाही, पाण्यात रंग कालवल्यासारखी. गेलेलं परत घालता येत नाही.

तुमच्यासाठी मात्र वेगळी गोष्ट आहे. बी पूर्ण तपकिरी होण्याआधी काढणी झाली तर टॅनिन हिरवं, कडवट उतरतं, आणि मग सेलरमध्ये अंडी फोडावी लागतात. साखर भरली म्हणून तोडा असा फोन आला तरी चार मणी चावून बी बघा. तपकिरी आणि ठिसूळ असेल तर कात्री लावा. बागेत चार दिवस थांबलेली काबर्ने मी अंड्याशिवाय बाटलीत भरलेली आहे.

प्रश्न : ‘अनफाइन्ड, अनफिल्टर्ड’ लिहिलेली वाइन जास्त चांगली का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तेवढ्यावरून नाही. पिंपात दीड-दोन वर्षं थांबलेली रेड आपोआप निवळते, तिला काही घालायची गरज नसते आणि तेव्हा ते शब्द खरे असतात. उन्हाळ्यात विकायच्या व्हाइटवर ते लिहिलेले दिसले तर मी ती बाटली थंडच ठेवीन.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. तुम्ही मागच्या अंकात भेंडीचा उल्लेख केलात. वाइनमध्ये भेंडी चालेल का? आणि आमच्याकडे आता भेंडीऐवजी पावडर टाका म्हणणारे येतात, त्याचं काय करू? (एक तरुण वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वाइनमध्ये भेंडी नको. काहिलीत भेंडीचा चिकट रस तरंगता कचरा गुंडाळून घेतो आणि खालच्या आचेने त्याची मळी होऊन वर येते. वाइन आपण तापवत नाही. तिथे तो चिकटपणा वाइनमध्येच राहील, साका बसायला आडवा येईल आणि फिल्टर तुंबवेल. शिवाय परवानगी असलेल्या पदार्थांच्या यादीत तो नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी खरं तर हे पत्र निवडलं. ती पावडर बहुधा हायड्रॉस असते. ती मळी काढत नाही, फक्त रंग उडवते. गूळ पिवळाधमक दिसतो, घाण आतच राहते, गंधक राहतो, आणि ढेप काही आठवड्यांत पुन्हा काळवंडते. भेंडी काढून घेते, हायड्रॉस झाकते. वडील भेंडीचे दांडे आदल्या संध्याकाळी ठेचून पाण्यात टाकायचे, आणि सकाळी हात घालून वर उचलला की बोटांतून न तुटता तार लोंबली पाहिजे, तर ते पाणी वापरायचे. रस कोमट असतानाच निम्मं, आणि उकळीच्या आधी मळी फाटू लागली की उरलेलं. मळी काढून झाली की झाऱ्यातला रस दिव्यासमोर धरायचे. मी सेलरमध्ये बॅटरीचा झोत टाकायचे, तो त्यांच्याकडूनच घेतला.

दिवाळीनंतर तुमची काहील चढेल. पहिल्या दिवशी दोन आधणं कर, एक नुसत्या भेंडीचं, दुसरं भेंडीचं पाणी निम्मं करून. दोन्हीच्या ढेपा वेगळ्या ठेव, संक्रांतीला फोडून रंग आणि चव बघ, आणि मला कळव.